तिच्या सायकलचा डिरेलर

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाला हात घालतोय, आणि मोठ्या कामाचं रेकॉर्ड असलेलं बरं.

काम: बायकोच्या सायकलचा मागचा डिरेलर बदलणे. डिरेलर म्हणजे मागच्या चाकाशेजारी लोंबणारा, दोन छोट्या चाकांचा भाग. आपण गिअर बदलला की हा चेनला ढकलून एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेतो. तिचा जानेवारीत तुटला. चढावर गिअर बदलायला गेली आणि तो सरळ चाकात घुसला. ती त्याच दिवशी सायकल दुकानात टाकणार होती. मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस, मी नीट बघून घेतो. पंपांच्या कंपनीत इतकी वर्षं पर्चेस सांभाळतोय, घरच्या सायकलला एक पार्ट निवडता येणार नाही मला?

मधल्या काळात ती काही दिवसांसाठी बहिणीकडे राहायला गेली.

काल तिचा मेसेज आला. 'सायकलचं काय झालं? झाली की सांग, येऊन नेईन.' बऱ्याच वेळा वाचला. 'पाठवून दे' असं लिहिलेलं नाही. 'येऊन' असं लिहिलंय. 'नेईन' अगदी शेवटी आहे, म्हणजे ते सहज लिहिलेलं.

शिवाय लॉजिक सोपं आहे. कपडे गेले, पुस्तकं गेली, तिची उशी गेली. सायकल इथेच आहे. ज्याला परत यायचं नसतं तो आपली सायकल ठेवून जात नाही. ती मोडलेली होती, गाडीत मावत नव्हती, ही सगळी मेहुणीने सांगितलेली कारणं.

संकल्प: आठवड्याभरात काम फत्ते. रोज पहाटे पाचला उठायचं. तिला स्वतःहून फोन करायचा नाही.

संध्याकाळी

फोन केला. कामाचा होता. सायकल कुठल्या साली घेतली ते विचारायचं होतं. उचलला नाही. पेशंट असतील. फिजिओथेरपिस्ट आहे ती, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवत असते. एकदा फोन केला म्हणून संकल्प मोडत नाही.

५ मार्च, मंगळवार

पावणेआठला उठलो. पाचचा गजर वाजला होता, पण तो तिच्या बाजूच्या टेबलावर होता आणि तिकडे हात जात नाही.

ऑफिसातून येऊन सायकल गॅलरीतून हॉलमध्ये आणली. जुनी वर्तमानपत्रं अंथरून जेवायच्या टेबलाशेजारी उलटी उभी केली. मागची चक्रं मोजली. नऊ. सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजले. आधी तेहतीस आले, मग पस्तीस. मग एका दाताला खडूने खूण केली तेव्हा चौतीस. पद्धतशीर काम केलं की उत्तर मिळतंच.

मोजता मोजता लक्षात आलं की ही सायकल मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघतोय. उजव्या हाताची मूठ अंगठ्याजवळ झिजून गुळगुळीत झालीय. सीटच्या मागे एक ओरखडा आहे, तो कधी पडला मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

मी तिच्याबरोबर सायकल चालवावी असं तिला फार वाटायचं. मी तयारच होतो. माझ्यासाठी कुठली घ्यावी याचा तौलनिक तक्ता कधीचा करून ठेवलाय. पण कंपन्या दरवर्षी मॉडेल बदलतात, मग तक्ता पुन्हा करावा लागतो. त्याला मी काय करणार? ती म्हणायची, कुठलीही घे, पण चल. हे 'कुठलीही घे' माझ्यातल्या पर्चेसवाल्याला कधी पटलं नाही.

७ मार्च, गुरुवार

सायकलच्या दुकानात जाऊन आलो. मालकाचं नाव मी मनातल्या मनात खडूस ठेवलंय. त्याने पहिला प्रश्न केला, सायकल कुठाय? मी मोबाइलवर फोटो दाखवला. म्हणाला, फोटोला काय लावू? सायकल आणा, तुमचा चहा होईपर्यंत लावून देतो. मी म्हटलं, मला फक्त पार्ट हवाय, फिटिंग मी करणार, आणि आधी तीन ठिकाणची कोटेशनं घेणार. म्हणाला, साहेब, डिरेलर आहे, धरण नाही.

सायकल दुकानात न्यायची नाही, हा निर्णय विचारपूर्वक आहे. जिना अरुंद आहे. शिवाय एकदा घराबाहेर गेली की तिथूनच परस्पर नेली जाऊ शकते.

पुढे चक्रं किती आहेत, असं त्याने विचारलं. मी शांतपणे समजावलं की मला मागचा डिरेलर हवाय, पुढचा नाही.  मग त्याने मी सांगितला तसाच काढून दिला. नऊ गिअरचा, आटोपशीर, देखणा. बाकी दोन दुकानांत माल नव्हता, त्यामुळे कोटेशनचा प्रश्न निकालात निघाला.

निघताना म्हणाला, मॅडम बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. म्हटलं, मजेत आहेत. बहिणीकडे गेल्यात काही दिवस.

९ मार्च, शनिवार

बसवला. दुपार गेली, पण बसवला. पेडल फिरवलं. पुढचं छोटं चक्र आणि मागचं छोटं चक्र असं घेतलं तर चेन इलॅस्टिक गेलेल्या पायजम्यासारखी लोंबते. दोन्ही मोठी घेतली तर सगळं ताणून जाम होतं.

इंटरनेटवर सखोल अभ्यास केला. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांना धरणारी जी पट्टी असते तिला केज म्हणतात. केज जितकी लांब तितकी जास्त सैल चेन ती सावरून धरते. किती लांब हवी याचा हिशेब असतो. पुढच्या मोठ्या आणि छोट्या चक्राच्या दातांतला फरक, अधिक मागच्यांतला फरक. पुढे अठ्ठेचाळीस आणि सव्वीस, मागे चौतीस आणि अकरा. बेरीज पंचेचाळीस. मी आणलेला एकोणतीसच्या वर झेपणारा नाही.

म्हणजे पुढची चक्रं मोजायला हवी होती. हे दुकानदाराने स्पष्ट सांगायला नको का? नुसतं 'पुढे किती' असं विचारून माणसाला काय कळणार?

माझ्या ताईचा फोन आला. तिला सगळं समजावून सांगितलं. ऐकून म्हणाली, बायको घर सोडून गेलीय आणि तू दात मोजत बसलायस. जा, भेट तिला, बोल. मी म्हटलं, रिकाम्या हाताने काय जाऊ? काम होऊ दे, मग बोलतो. म्हणाली, काय बोलशील? मी म्हटलं, सांगेन की सायकल झाली.  मग तिने जेवलास का म्हणून विचारलं. जेवलो होतो. म्हणजे उभ्या उभ्या काहीतरी खाल्लं होतं, कारण टेबलावर टूल्स आहेत.

१३ मार्च, बुधवार

दुसरा डिरेलर घरपोच आला. या खेपेला चूक शक्य नाही. लांब केज. आणि नऊऐवजी दहा गिअरचा घेतलाय. आमच्याकडे पंप घेतानाही आम्ही गरजेपेक्षा थोडा वरच्या क्षमतेचा घेतो. दहा झेपणाऱ्याला नऊ का जड जातील?

संध्याकाळी

जड गेले. हँडलवरच्या शिफ्टरची, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याची, एक टिचकी मारली की तो ठरावीक लांबीची वायर ओढतो. तेवढ्या वायरीत नऊवाला जितका सरकतो तितका हा दहावाला सरकतच नाही. चेन एका चक्रावरून निघते आणि दुसऱ्यावर पोचत नाही. मधेच कुरकुरत बसते.

फोरमवर एका माणसाने लिहिलंय, शिफ्टर चांगला, डिरेलरही चांगला, पण दोघांची ओढ वेगळी, त्यामुळे ही जोडी चालणार नाही. यात दोष कुणाचाच नाही. वाचून जरा बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग लॅपटॉप मिटला.

तिचा मेसेज. 'अजून नाही झाली?' मी लिहिलं, 'टेक्निकल इव्हॅल्युएशन चालू आहे.' तिने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे विश्वास.

१६ मार्च, शनिवार

मेहुणी आली होती. तिच्या ताईचे हिवाळी कपडे वरच्या कपाटात राहिले होते ते न्यायला. हॉलमध्ये पाय टाकला आणि थबकलीच. सायकल उलटी, टेबलावर दोन डिरेलर, सोफ्यावर चेन. म्हणाली, भावोजी, दुकानात देऊन टाका ना. मी कपॅसिटीचं गणित समजावायला घेतलं. तिला घाई होती.

जाता जाता दारात सांगितलं की तिच्या ताईने क्लिनिकजवळ वर टेकडीवर एक फ्लॅट घेतलाय. राहायला गेलीसुद्धा. मी विचारलं, भाड्याने? हो म्हणाली. मग ठीक आहे. भाड्याने म्हणजे तात्पुरतं. कायमचं असतं तर विकतच बघितला असता.

रोज तो चढ पायी चढते म्हणे. संध्याकाळी पाय भरून येतात. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांची काळजी घेणारी बाई. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चढ आहे म्हणजे चौतीस दातांचं चक्र लागणारच, आणि त्याला लांब केज लागणारच. लवकर करायला हवं.

मेहुणी गेल्यावर खुर्चीत बसून नीट विचार केला. सायकल झाली की ती येणार. सायकल झाली की ती सायकल नेणार. दोन्ही वाक्यं खरी आहेत. सध्या पहिल्यावर लक्ष केंद्रित करायचं ठरवलंय.

१९ मार्च, मंगळवार

पुन्हा खडूसकडे. या खेपेला मोडका जुना डिरेलर पिशवीत घालून नेला. त्याने तो हातात घेतला, उलटापालटा केला, मागे जाऊन तसाच नवा घेऊन आला. त्याच सिरीजचा, नऊ गिअरचा, लांब केजचा. म्हणाला, हे पहिल्याच दिवशी आणलं असतं तर? मी म्हटलं, पहिल्या दिवशी स्पेसिफिकेशन फायनल नव्हतं. त्याने बिल फाडलं.

ताईला फोन करून सांगितलं की शनिवारी काम होतंय. बरं म्हणाली. आवाजात उत्साह नव्हता. तिला सायकलमधलं कळत नाही.

२१ मार्च, गुरुवार

डिरेलर ऑफिसात नेला आणि क्वालिटीवाल्या बाईंकडे दिला. त्यांनी व्हर्नियर लावून सगळं मोजलं, जुन्याशी ताडून पाहिलं. मग विचारलं, हा कुठल्या पंपाचा? म्हटलं, घरगुती आहे. त्यांनी खांदे उडवले आणि हिरवं 'ओके' चिकटवून दिलं. आमच्या कंपनीत हे हिरवं ओके सहजासहजी मिळत नाही. लोक त्यासाठी आठवडेच्या आठवडे मागे लागतात.

सकाळी साडेसहाला उठलो. पाचच्या दिशेने प्रगती.

२३ मार्च, शनिवार. दुपारी ३.१५

बसला.

बोल्ट घट्ट केला, वायर ओढून पक्की केली, चेन ओवली, पेडल हाताने फिरवलं. पहिला. दुसरा. तिसरा. एकेक टिचकी मारली की चेन सावकाश जिना उतरावा तशी एकेका पायरीवर येते. नऊच्या नऊ. पुन्हा वर चढवली, पुन्हा उतरवली. पुढचं मोठं, पुढचं छोटं, सगळं करून पाहिलं. चेन कुठे लोंबत नाही, कुठे अडत नाही. माझ्या हातून आजवर इतकं नीट काही झालेलं नाही. हॉलमध्ये एकटाच हसत उभा होतो. दाखवायला कुणी नव्हतं.

तिला मेसेज लिहिला, 'झाली.' इतकाच. शोभला असता.

५.४०

पाठवला नाही अजून. पाठवण्याआधी एकदा शेवटची तपासणी म्हणून पेडल पुन्हा फिरवलं. सातव्या गिअरमध्ये एक बारीक आवाज येतोय. येतोय बहुतेक. पंखा बंद केला, खिडकी लावली, कान जवळ नेला. हो. काहीतरी आहे.

पर्चेसचा नियम स्पष्ट आहे. शंका असेल तर माल रिजेक्ट. उद्या ती चढावर असताना काही झालं तर जबाबदार कोण? डिरेलर काढला. वरचं हिरवं ओके नखाने खरवडून टाकलं. मेसेज डिलीट केला.

आता जरा मोकळं वाटतंय. निर्णय योग्य असला की असंच वाटतं.

२४ मार्च, रविवार

तळमजल्यावरचे काका पेपर मागायला आले. सगळे पेपर सायकलखाली आहेत हे पाहून बसले. त्यांना आवाजाबद्दल सांगितलं. म्हणाले, ऐकवा बघू. मी म्हटलं, काल काढून ठेवला. म्हणाले, मग आता नाही येणार आवाज. चांगला माणूस, पण तांत्रिक बाबतीत उपयोग नाही.

कसला आवाज होता हे लिहून ठेवावं म्हणून बसलो. घासल्यासारखा नाही. खडखड नाही. टिकटिक म्हणता येणार नाही. जाऊ दे, ज्याने ऐकलंय त्याला माहीत आहे.

तिचा मेसेज नाही. मीही केला नाही. संकल्प पाळला जातोय.

२८ मार्च, गुरुवार

चौथा डिरेलर घ्यायचा तर दुसऱ्याच कंपनीचा घ्यावा, म्हणजे आवाजाचा प्रश्न मुळातूनच मिटेल, या विचाराने खडूसकडे गेलो. त्याने विचारलं, मागच्याचं काय झालं? बसला नाही? मी म्हटलं, बसला. गिअर पडत नाहीत? पडतात. मग? मी आवाजाबद्दल सांगितलं. म्हणाला, सायकल आणा, ऐकतो. मी जिन्याची अडचण सांगितली. तो म्हणाला, मी येतो घरी. मी म्हटलं, नको, पसारा आहे.

त्याने काउंटरवर हात ठेवले आणि म्हणाला, साहेब, जो बसला आणि चालला तो काढून ठेवायला आजवर कुणी आलं नव्हतं माझ्याकडे. दुसऱ्या कंपनीचा तुमच्या शिफ्टरला जुळणारच नाही, मी देणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची ही कुठली पद्धत? मी समोरच्या दुकानातून घेतला.

ऑफिसात आमच्या साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. एका ऑर्डरमध्ये मी पंपांच्या बेअरिंगऐवजी चेनचा साइज टाकला होता. सही व्हायच्या आधी लक्षात आलं, हे नशीब. घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं त्यांनी. म्हटलं, एकदम. सायकलचं थोडं काम काढलंय.

३१ मार्च, रविवार

चौथा जुळला नाही. वायरची ओढ वेगळी. खडूसने आधी सांगितलं होतं, पण त्याच्या सांगण्यात आकस होता. काढताना पाना सटकला आणि बोट चेमटलं.

तसाच खाली वर्तमानपत्रांवर बसून राहिलो. रविवारी सकाळी ती सायकलवरून आली की दारातूनच पाणी मागायची. बूट काढायच्या आधी. मी तक्त्यात गुंतलेला असलो तर म्हणायचो, एक मिनिट. मग ती स्वतःच घ्यायची. घर फार शांत आहे. इतकं शांत की एखादा आवाज असता तर आलाच असता ऐकू.

थोडं रडू आलं. डोळ्यांत ग्रीस गेलं होतं. ग्रीस डोळे पुसताना गेलं, पण गेलं होतं.

तिची आठवण येते. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे उद्यापासून कामाला लागता येईल.

२ एप्रिल, मंगळवार

नवा संकल्प. महिना नवा, आर्थिक वर्ष नवं, सुरुवात नवी. टेबलावर चारही डिरेलर ओळीने मांडले. आता घाईघाईने काही विकत घ्यायचं नाही. आधी आवाजाचं मूळ शोधायचं. कारण कदाचित चेनमध्ये असेल. चाकात असेल. पेडलमध्ये असेल. पद्धतशीर गेलं तर पावसाळ्याच्या आत निकाल लागायला हरकत नाही.

रात्री झोप चांगली लागली, याची नोंद असावी.

५ एप्रिल, शुक्रवार

घात झाला. ऑफिसातून येताना खडूसने दुकानातून हाक मारली. म्हणाला, मॅडम काल आल्या होत्या. भाड्याने सायकल मिळेल का विचारत होत्या. रोज चढ चढून पाय धरलेत म्हणे. मी त्यांना म्हटलं, अहो मॅडम, तुमची स्वतःची असताना भाड्याने कशाला? साहेब बरोबरचा डिरेलर घेऊन गेले त्याला दोन आठवडे झाले. बसला, गिअर पडले, मग साहेबांनी काढून ठेवला.

असं सगळं सांगून टाकलं त्याने. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, काही नाही. मॅडम जरा वेळ स्टुलावर बसल्या, मग गेल्या.

व्यवसायात गुप्तता नावाची गोष्ट असते. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

तिला मेसेज लिहायला घेतला की सातव्या गिअरमध्ये आवाज आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. फार लांब झाला. पाठवला नाही. तिचाच आला. 'रविवारी सकाळी येते.'

येते. नेईन वगैरे काही नाही. नुसतं येते.

६ एप्रिल, शनिवार

पाचला उठलो. चक्क पाचला. घर झाडलं, पुसलं, वर्तमानपत्रं बदलली. पडदे धुतले. टेबलाची अर्धी बाजू मोकळी केली, म्हणजे दोघांना चहा घेता येईल. तिच्या बाजूची खुर्ची हलत होती, ती टाइट केली. दाढी केली, मग उद्याचं आठवून ब्लेड नवं आणलं.

काय बोलायचं ते ठरवलंय. आधी सायकलचं बोलू. मग सायकलवरून विषय आपोआप निघेल.

७ एप्रिल, रविवार

साडेनऊला आली. बेल वाजवली. तिच्याकडे चावी आहे, तरी बेल वाजवली. आत आल्यावर चावी पर्समधून काढली आणि टेबलाच्या मोकळ्या बाजूवर ठेवली.

बारीक झालीय. केस कापलेत. छान दिसतात, असं म्हणायचं होतं, पण मी कपॅसिटीबद्दल सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग टेबलाजवळ जाऊन चारांतला बरोबर तिसरा उचलला. न विचारता. म्हणाली, चाक धर.

मी चाक धरलं. तिने बोल्ट बसवला, वायर ओढली, छोटे स्क्रू फिरवून चेन दोन्ही टोकांना कुठवर सरकेल त्या हद्दी लावल्या. मला हे स्क्रू माहीत होते, पण ती न बघता फिरवत होती. खाली वर्तमानपत्रावर आम्ही दोघं इतके जवळ बसलो होतो की तिचा खांदा मला लागत होता. ती सरकली नाही. चेन ओवायला माझे हात लागले, पक्कड मी दिली, फडकं मी दिलं. एकदा दोघांचे हात एकदम चेनवर आले तर ती हसली. किती दिवसांनी आम्ही मिळून काहीतरी करत होतो. काम पटकन होत होतं याचंच मला वाईट वाटत होतं.

मग म्हणाली, कुठे येतो आवाज? मी म्हटलं, सातव्यात. तिने सातवा टाकला, पेडल फिरवलं आणि कान चाकाजवळ नेला. तिने थट्टा केली नाही. खरंच ऐकत होती. पेशंट दुखतंय म्हणाला की ती जशी हात लावून बघते तशी. बराच वेळ ऐकून म्हणाली, नाही येत रे. मी म्हटलं, वजन पडल्यावर येत असेल. बरं म्हणाली. दोघांनी मिळून सायकल जिन्यातून खाली नेली. जिना अरुंद नाहीये, आरामात गेली. तिने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन म्हणाली, नाही.

चहाला थांब म्हटलं. नको म्हणाली. सायकलला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, मी परत येणार नाहीये. रागावून नाही सांगत. तुला हे कुणी स्पष्ट सांगितलं नाही असं त्या दिवशी दुकानात बसल्यावर वाटलं. ते मीच सांगायला हवं होतं. तू वाट बघू नकोस.

मी म्हटलं, मी या आठवड्यात सायकल घेतो. कुठलीही घेतो.

ती खाली बघत होती. डोळे भरले होते तिचे, स्पष्ट दिसत होते. म्हणाली, घे. खरंच घे. तुला आवडेल. 'आपण जाऊ' असं म्हणाली नाही. मी वाट पाहिली, पण म्हणाली नाही. मग माझ्या चेमटलेल्या बोटाकडे बघून, याला बर्फ लाव म्हणाली, आणि टांग मारून निघाली.

मी धावत वर आलो, कारण खिडकीतून गल्ली शेवटपर्यंत दिसते. टोकाला चढ आहे. तिथे तिने गिअर टाकले. पाचवा, सहावा, की सातवा, कळलं नाही, पण चढ येताना बदलतात तसे एकामागून एक बदलले. सीटवरून उठावंही लागलं नाही तिला. मी खिडकीच्या बाहेर वाकून, श्वास रोखून ऐकत होतो. मग ती वळली.

कसलाही आवाज नव्हता. मी तो काढून ठेवला तेव्हाही नव्हता.